परग्रहावरचे लोक इतक्या लवकर बोलायला कसे शिकतात?

मागच्या अंकात विचारलं होतं, अलीकडे कोणती विज्ञान कादंबरी वाचलीत आणि कशी वाटली? पत्रं भरपूर आली. बऱ्याच पत्रांत मत कमी आणि भांडण जास्त आहे, ते मला आवडतंच. एक आधीच सांगून ठेवते. माझं दिवसभराचं काम लोकांचं ऐकणं तपासायचं. त्यामुळे कादंबरीत यान कितीही वेगानं पळू दे, माझं लक्ष तिथे कोण कोणाचं ऐकतंय याकडेच जातं. शेवट कुठल्याच पुस्तकाचा फोडणार नाही. मधलं थोडंफार मात्र फुटेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ वाचून संपवली. ग्रेस आणि रॉकीची मैत्री जाम आवडली. पण माझी मैत्रीण म्हणते, परग्रहवासीयाची भाषा अशी झटपट शिकणं ही शुद्ध थाप आहे. ताई, तुम्ही कानाच्या डॉक्टर. तुम्हीच निकाल द्या.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

उत्तर : आधी एक दुरुस्ती. मी कानाची डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचं दुखणं डॉक्टर बघतात. काय ऐकू येतं, काय येत नाही आणि त्यावर कोणतं मशीन चालेल, ते मी बघते. आणि तुझी मैत्रीण अर्धी बरोबर आहे.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव सापडतात, सूर्य मंदावू लागतो. शाळेत विज्ञान शिकवणारा रायलंड ग्रेस टाऊ सेटी या ताऱ्यापाशी यानात एकटाच जागा होतो, आणि तिथे ४० एरिडानी या ताऱ्याकडून आलेला रॉकी त्याला भेटतो. रॉकी साधारण कुत्र्याएवढा, पाच पायांचा, आणि त्याला डोळेच नाहीत. त्याच्या ग्रहावर अमोनियाची हवा, दाब आपल्या २९ पट, तापमान २१० अंश. तो आवाजानंच ‘बघतो’ आणि एकाच वेळी अनेक सूर काढून बोलतो.

सुरुवातीचा भाग वीअरनं चोख लिहिला आहे. दोघं एकमेकांना घड्याळं दाखवतात, त्यावरून आकडे जुळवतात (रॉकीची मोजणी सहाच्या पटीत चालते), मग वस्तू दाखवून एकेक नाव. ग्रेस लॅपटॉपवर आवाजातले सूर सुटे करतो आणि शब्दांची यादी बनवतो. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

थाप आहे ती यापुढे. बघता बघता ग्रेसला लॅपटॉपकडे न पाहता, नुसतं ऐकून कळायला लागतं. माझ्याकडे कॉक्लिअर इम्प्लांट (फारच कमी ऐकू येणाऱ्यांच्या आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसवलेली माणसं येतात. हे यंत्र ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी चालू करतात. त्या दिवशी घरचे सगळे आशेनं बघत असतात आणि पेशंट तोंड वाकडं करतो. बायकोचा आवाज कार्टूनमधल्यासारखा येतो, दार आपटलं काय आणि कोणी हाक मारली काय, दोन्ही सारखंच वाटतं. ही माणसं जी भाषा जन्मभर बोलली तीच नव्यानं ऐकायला शिकत असतात, तरी महिने जातात. आणि इथे मास्तर परक्या ताऱ्यावरची भाषा हां हां म्हणता कानात बसवतो! शिवाय अनेक सूर एकदम वाजले की खालचा जाड सूर वरच्या बारीक सुराला झाकतो. आपल्या कानाची घडणच तशी आहे. रॉकीच्या एका शब्दातला सर्वांत वरचा सूर किंचित बदलला तर ग्रेसला ते कळणारही नाही, आणि कदाचित त्या बदलातच ‘हो’चं ‘नाही’ झालेलं असेल.

आवाजानं बघण्याचं मीही कागदावर मांडून पाहिलं. ढोबळ नियम असा, की ध्वनीच्या तरंगलांबीहून फार बारीक तपशील त्या ध्वनीला टिपता येत नाही. वटवाघळानं आपल्या हवेत ५० किलोहर्ट्झचा आवाज काढला तर तरंगलांबी ७ मिलिमीटरच्या आसपास येते. तापलेल्या अमोनियात आवाज सेकंदाला सुमारे ५५० मीटर पळेल, म्हणजे तोच सूर तिथे ११ मिलिमीटरचा. एखाद्या पट्टीवरची मिलिमीटरभर खाच रॉकीला ‘दिसायची’ तर त्याच्या कानांना ५०० किलोहर्ट्झपर्यंत पोचावं लागेल. आपली मजल २० पर्यंत, तीही तरुणपणी. पण वीअरला इथे एक फायदा द्यायला हवा. दाब जास्त असलेल्या वायूत इतके उंच सूर वाटेत कमी विरतात. तेव्हा हे अशक्य म्हणता येणार नाही.

हे सगळं धरूनही पुस्तक मला तुझ्याइतकंच आवडलं, त्याचं कारण वेगळं आहे. माझ्यासमोर बसणारी कितीतरी माणसं न ऐकताच मान डोलावतात. ‘त्रास कधीपासून होतो?’ असं विचारलं की ‘दोघं. एक मुलगा, एक मुलगी’ असं उत्तर येतं. कळलं नाही हे कबूल करायची लाज वाटते. रॉकी आणि ग्रेसला ती लाजच नाही. रॉकी प्रश्नाच्या शेवटी ‘प्रश्न’ असं जोडतो, अडलं की थांबवतो, पुन्हा विचारतो. पुस्तकभर दोघं एकमेकांना ‘नाही समजलं’ म्हणतात आणि कोणालाच त्यात कमीपणा वाटत नाही. मैत्रीणीला सांग, थाप वेगाबद्दल आहे, पद्धतीबद्दल नाही.

प्रश्न : सामंथा हार्वीच्या ‘ऑर्बिटल’ला २०२४चं बुकर मिळालं. ती विज्ञान कादंबरी म्हणायची का? आमच्या वाचनगटात यावरून दोन तट पडलेत.

उत्तर : नाही म्हणायची. सहा अंतराळवीर, २४ तासांत पृथ्वीभोवती १६ फेऱ्या, खाली फिलिपिन्सकडे सरकणारं वादळ. यातलं बहुतेक सगळं आज घडू शकतं. सुंदर आहे, छोटी आहे, आणि तिच्यात ‘असं झालं तर?’ हा प्रश्न जवळजवळ नाही. तुमच्या दोन्ही तटांनी ती वाचली असेल तर भांडण फुकट गेलं नाही.

प्रश्न : मला कोळ्यांची भयंकर भीती वाटते. सगळे म्हणतात एड्रियन चायकोव्हस्कीची ‘चिल्ड्रन ऑफ टाइम’ वाचच. वाचू का?
— एक घाबरट वाचक

उत्तर : वाचा. भीती जाईल असं वचन देत नाही, पण निम्म्या पुस्तकानंतर तुम्ही कोळ्यांच्या बाजूनं असाल आणि माणसांचा राग येत असेल.

गोष्ट अशी : डॉ. अव्राना कर्न ही शास्त्रज्ञ एका ग्रहावर माकडं सोडून, एका विषाणूच्या मदतीनं त्यांची बुद्धी भराभर वाढवायच्या तयारीत असते. गडबड होते. माकडं वाटेतच जळून जातात, विषाणू मात्र पोचतो आणि कोळ्यांना लागतो. पुढच्या हजारो वर्षांची कहाणी आपण कोळ्यांच्या पिढ्यांतून वाचतो. प्रत्येक पिढीत पोर्शिया, बियांका, फेबियन ही नावं पुन्हा येतात, म्हणून वाचताना गोंधळ उडत नाही. दुसरीकडे उरल्यासुरल्या माणसांचं जहाज जागा शोधत फिरतंय.

यातला पोर्शिया कोळी खरा आहे, हे मला पुस्तक संपल्यावर शोधाशोध करताना कळलं. ‘पोर्शिया लाबियाटा’ ही उड्या मारणाऱ्या कोळ्यांची आशियातली जात. ती दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्याच्या कडेला बसून धागे छेडते, निरनिराळ्या तालात छेडून बघते, आणि ज्या तालाला मालक फसून पुढे येतो तोच धरून ठेवते. म्हणजे चुकतमाकत शिकते. भक्ष्यापर्यंत जायला लांबचा वळसा लागणार असेल तर आधी नजरेनं वाट ठरवते, मग निघते, आणि मधे भक्ष्य दिसेनासं झालं तरी वाट सोडत नाही. एवढ्याशा डोक्यात हे असल्यावर लेखकाला फार काही कल्पावं लागलं नाही. चायकोव्हस्कीनं प्राणिशास्त्र शिकलेलं आहे, ते पानापानांत दिसतं.

मला जे फार आवडलं ते कर्नचं. ती कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहातून खाली गणितं पाठवत राहते. कारण तिच्या मते खाली माकडं आहेत आणि ती शहाणी झाली की उत्तर देतील. खाली कोळी. त्यांची भाषा पायांना जाणवणाऱ्या धाग्यांच्या कंपनांची आणि तोंडाजवळच्या उपांगांच्या खुणांची. वरून येणाऱ्या त्या गणितांचा त्यांच्यात चक्क धर्म होतो. बोलणारी एकीकडे, ऐकणारे भलतेच, आणि दोघांनाही वाटतंय आपल्याला समोरचा कळला. हा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालतो. रॉकी-ग्रेसच्या झटपट शिकवणीनंतर हे वाचताना मला फार बरं वाटलं, इतका उशीर पटतो.

नर कोळ्यांची अवस्था वाचून काही पुरुष वाचक नाराज होतील. होऊ देत.

प्रश्न : माझे पती प्रत्येक विज्ञान कादंबरीतली शास्त्रीय चूक काढतात आणि मजा घालवतात. ‘द मार्शियन’ सुरू केली तर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, मंगळावर असं वादळ होऊच शकत नाही. खरं का? आणि खरं असलं तर पुस्तक वाया गेलं का?

उत्तर : पतींचं बरोबर आहे, नाराज होऊ नका. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. हवा इतकी विरळ असली की वेगवान वाऱ्यालाही जोर नसतो. कादंबरीत ताशी १७५ किलोमीटरचं वादळ आहे. ते तिथे अंगावर घेतलं तर आपल्याकडच्या ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वाऱ्याएवढा धक्का बसेल. त्यानं टोपी उडेल, यान कलंडणार नाही. ही कादंबरीही वीअरचीच. त्याला हे लिहितानाच माहीत होतं आणि त्यानं ते उघडपणे सांगितलंही आहे. नायकाला मंगळावर एकटं पाडायला निसर्गाचाच फटका हवा होता, म्हणून त्यानं ते वादळ ठेवलं.

मला ही चूक बोचत नाही, कारण ती पहिल्याच प्रकरणात आहे आणि गोष्ट सुरू करायला आहे. बोचते ती अडचणीतून सुटका करणारी चूक. नायक अडकलाय, पानं संपत आलीत, आणि लेखक सोयीचा नियम शोधून काढतो, तेव्हा मी पुस्तक मिटते. ‘द मार्शियन’मध्ये सुटकेच्या वेळचा हिशेब बहुतेक ठिकाणी चोख आहे. मंगळावर लावलेल्या बटाट्यांना पाणी हवं तर हायड्राझिन या रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढायचा, तो जाळायचा, आणि त्यात घर उडवून घ्यायची वेळही येते. पतींना त्या प्रकरणातली चूक काढायला सांगा. दोन दिवस तरी शांतता मिळेल.

प्रश्न : लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ शंभर पानांवर सोडून दिली. माणसं नुसती नावापुरती, बोलतात ते व्याख्यानासारखं. एवढं कौतुक कशाचं? पुन्हा हातात घ्यावी का?
— निवृत्त ग्रंथपाल

उत्तर : माणसांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. नायक म्हणावा असा वांग मियाओ पुस्तक संपल्यावर मला आठवतही नाही. अपवाद दोन. एक सिगारेटी फुंकणारा उद्धट पोलीस शी चियांग, ज्याच्यामुळे मी पुस्तक धरून ठेवलं. दुसरी ये वेनच्ये. चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत वडिलांना डोळ्यांदेखत मारलेलं पाहिलेली ही मुलगी पुढे शास्त्रज्ञ म्हणून एका गुप्त रेडिओ केंद्रावर पोचते आणि अंतराळात संदेश पाठवते. तिच्या निर्णयाचं वजन त्या सुरुवातीच्या दृश्यातून येतं. गंमत म्हणजे २००८च्या चिनी पुस्तकात ते दृश्य पुढे नसून मधे घातलेलं होतं. केन लिऊ यांनी इंग्रजीत आणताना ते पुन्हा सुरुवातीला नेलं, आणि त्या इंग्रजी आवृत्तीला विज्ञान कादंबऱ्यांसाठीचा २०१५चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

तुम्ही थांबलात तिथून पुढे बरंच आहे. निदान मानवी संगणकापर्यंत जा. पुस्तकातल्या एका संगणकीय खेळाच्या आभासी जगात चीनचा पहिला सम्राट मैदानावर ३ कोटी सैनिक उभे करतो. तिघातिघांचा एकेक गट. दोघं पांढरा किंवा काळा झेंडा वर करतात, तिसरा त्यांच्याकडे बघून ठरलेल्या नियमानं आपला झेंडा वर करतो. त्या तिसऱ्याला गणित येत नाही, आपण कशाचा भाग आहोत हेही माहीत नाही. अशा गटांचं मिळून मैदानभर यंत्र तयार होतं आणि परग्रहवासीयांच्या आकाशातल्या तीन सूर्यांचा मार्ग मोजायला लागतं. संगणक आतून कसा चालतो हे इतकं स्वच्छ मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

तीन सूर्यांचं गणित खरंच अवघड आहे. दोन गोलांचा मार्ग सूत्रात बसतो, तीन आले की सर्वांना लागू पडेल असं सोपं सूत्र उरत नाही, आणि सुरुवातीच्या स्थितीत बारीकसा फरक पडला तरी पुढचा मार्ग पार बदलतो. फक्त लिऊंनी ज्या ताऱ्यांवर हे बेतलं त्या अल्फा सेंटॉरीत अशी अनागोंदी नाही. तिथले दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, आणि तिसरा, प्रॉक्झिमा, इतका दूर आहे की त्याची लुडबुड नगण्य. वरच्या पतींना हे सांगू नका.

माझी तक्रार निराळी. ये वेनच्येला चार प्रकाशवर्षांवरून उत्तर येतं आणि ते लगेच वाचताही येतं. उलगडायची किल्ली संदेशातच दिलेली असते म्हणे. पुढच्या तीनशे पानांचं संकट ज्या संवादावर उभं आहे, त्या संवादाला काही कष्टच पडत नाहीत. आवाज जायला-यायला आठेक वर्षं आणि अर्थ पोचायला क्षण! मला हे तीन सूर्यांपेक्षा पटायला जड गेलं.

प्रश्न : सध्या जो तो यंत्रांशी गप्पा मारतोय. यावर काही चांगली कादंबरी? मराठीतली असेल तर उत्तम.

उत्तर : मराठीत जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. ऐंशीच्या दशकातली आहे, तेव्हा घरोघरी संगणकसुद्धा नव्हते. खोदकामात एका प्राचीन, प्रगत संस्कृतीनं पुरून ठेवलेला ठेवा सापडतो आणि त्यातल्या माहितीवरून वामन हा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो. तो कामाचा आहे, हुशार आहे, मागेल ते करतो. प्रश्न एवढाच, की त्याला स्वतःसारखे आणखी वामन बनवता आले तर? नारळीकरांची पात्रं अधूनमधून वर्गात शिकवल्यासारखी बोलतात, ते चालवून घ्या. शेवट शीर्षकातच आहे, तरी पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही, हे मोठं कसब. गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, त्यानंतर ती पुन्हा वाचली. भाषा जरा जुनी वाटली, भीती मात्र ताजी.

इंग्रजी चालत असेल तर पीटर वॉट्सची ‘ब्लाइंडसाइट’, २००६ची. सोपी नाही. सूर्यमालेच्या अगदी कडेला एक अजस्र वस्तू सापडते आणि ती चक्क माणसांच्या भाषेत, सफाईनं बोलते. यानावरची भाषातज्ज्ञ तासन्‌तास तिच्याशी बोलते आणि हळूहळू तिला शंका येते. शेवटी ती एक घाणेरडी शिवी हासडून बघते, आणि समोरून जे येतं त्यावरून तिची खात्री पटते, की या गोड बोलणाऱ्याला एका शब्दाचाही अर्थ कळत नाही. आम्ही ऐकण्याच्या तपासणीत शब्द नुसते परत म्हणायला लावतो. पेशंट ते बरोबर म्हणाला तर एवढंच कळतं, की आवाज नीट पोचला. अर्थ पोचला का, ते त्या चाचणीत दिसत नाही. वॉट्सचं अख्खं पुस्तक या फटीत उभं आहे. त्यात मोहिमेचा प्रमुख म्हणून रक्तपिपासू व्हँपायर कशाला आणला, हे मला आजही उमगलेलं नाही. असो.

प्रश्न : तुम्ही सुचवता त्या बहुतेक पुस्तकांत उशिरा का होईना, काहीतरी कळतं. जिथे शेवटपर्यंत काहीच कळत नाही अशी एखादी सांगा.

उत्तर : स्टानिस्लाव लेमची ‘सोलारिस’, १९६१. संपूर्ण ग्रहभर पसरलेला एक महासागर, जो बहुधा जिवंत आहे आणि बहुधा विचार करतो. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करतात, त्याच्या लाटांतून उठणाऱ्या प्रचंड आकारांना नावं देतात, वर्गवारी करतात, एकमेकांचे सिद्धांत खोडून काढतात. वैतागून त्याच्यावर क्ष-किरणांचा मारा करतात. त्यानंतर अंतराळ स्थानकावरच्या प्रत्येकाकडे कोणीतरी ‘पाहुणा’ यायला लागतो. नायक केल्विन या शास्त्रज्ञाकडे येते त्याची बायको, जिनं कित्येक वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली असते. हा महासागराचा निरोप आहे, शिक्षा आहे, भेट आहे की नुसतं प्रतिबिंब, हे लेम सांगत नाही आणि कोणाला कळूही देत नाही.

त्यात केल्विन ग्रंथालयात बसून जुने ग्रंथ चाळतो अशी लांबलचक पानं आहेत. बरेच वाचक ती गाळतात. गाळू नका. शास्त्रज्ञ मंडळी आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी किती विद्वत्तेनं मोजत बसतात, याची इतकी दुष्ट थट्टा दुसरीकडे मिळणार नाही. इंग्रजीत वाचणार असाल तर बिल जॉन्स्टन यांचा २०११चा अनुवाद घ्या, तो थेट पोलिशवरून आहे. १९७०चा जुना अनुवाद फ्रेंचवरून केलेला, आणि त्यात केल्विनच्या बायकोचं नावसुद्धा बदललंय.